फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे

डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या बिघाडांत एक बिघाड असा आहे की त्यावर आपल्याकडे उपाय सगळे करतात, विचार मात्र जवळजवळ कोणी करत नाही. मशीन कामात असताना नीट चालते. टॅलीत नोंदी होतात, सिनेमा न अडखळता संपतो, मुलांचा गेम दुपारभर चालतो. मालक जेवायला उठतो आणि परत येतो, तर मशीन आपोआप रीस्टार्ट होऊन पासवर्ड मागत असते. किंवा पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ तासापूर्वीच्या वेळेवर थिजलेले असते आणि माउस हलत नाही. ही तक्रार घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावं लागेल.

फॉरमॅटवाल्यांची बाजू आधी पूर्ण मांडली पाहिजे, कारण वरवर ती पटते आणि म्हणूनच ती इतकी पसरली आहे. ते म्हणतात, यंत्र बिघडते ते ताण पडल्यावर. गेम चालतो म्हणजे प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ही सगळी मंडळी ताणाच्या परीक्षेत पास झाली. रिकाम्या मशीनवर ताणच नसतो, तेव्हा तिथे हार्डवेअरचा दोष असूच शकत नाही. मग उरले सॉफ्टवेअर, आणि सॉफ्टवेअरचा कोणताही दोष सगळे पुसून नव्याने टाकले की जातो. त्याला दोन-तीन तास लागतात आणि खर्चही थोडा. कारण शोधत बसायला आठवडा लागेल, आणि ते सापडेलच याची खात्री नाही. फॉरमॅट करूनही मशीन पडत राहिले तर ते जुने झाले, नवे घ्यावे. त्यावरही कोणी वाद घातला तर शेवटचा सल्ला तयार असतो: वापरात नसताना कॉम्प्युटर बंद ठेवत जा, म्हणजे प्रश्नच मिटला. या साखळीतली एकही कडी मला मान्य नाही. पहिलीच कडी चुकीची आहे आणि पुढच्या सगळ्या तिच्या आधाराने उभ्या आहेत.

रिकामे मशीन स्वस्थ बसलेले असते, हा समज जुन्या काळातून आला आहे. तेव्हा कामातले आणि रिकामे मशीन यांत विजेच्या दृष्टीने फारसा फरक नव्हता. प्रोसेसरला थांबवणारी ‘एचएलटी’ ही आज्ञा १९७८ च्या ८०८६ मध्येही होती, पण डॉस आणि विंडोज ९५ ती सहसा वापरत नसत. काम नसले तरी प्रोसेसर त्याच त्या आज्ञा गिरवत फिरत राहायचा. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले आणि काम नसताना प्रोसेसरने वीज वाचवण्याच्या पायऱ्या ठरल्या. या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. पुढे त्या खोल होत गेल्या. २००८ च्या नेहालेम पिढीपासून इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये एकेका कोअरचा वीजपुरवठा स्वतंत्रपणे तोडण्याची सोय आली. सी-६ या पायरीवर कोअर आपली सगळी स्थिती बाजूच्या छोट्या मेमरीत ठेवतो, त्याचे व्होल्टेज शून्याच्या आसपास जाते, आणि जाग आली की मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात तो ती स्थिती परत उचलून पुढे चालू लागतो. ही जाग वारंवार येते. विंडोजच्या घड्याळाचा नेहमीचा ठोका १५.६ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला ६४ वेळा. शिवाय नेटवर्क कार्ड, यूएसबी, डिस्क, पार्श्वभूमीतले प्रोग्रॅम हे आपापल्या वेळी हाक मारतात ते वेगळेच. आपण जेवत असतो त्या अर्ध्या तासात एकेक कोअर हजारो वेळा झोपतो आणि उठतो.

आता मदरबोर्डवरच्या व्होल्टेज रेग्युलेटरकडे पाहा. एसएमपीएसकडून आलेल्या १२ व्होल्टचे तो प्रोसेसरसाठी साधारण एक व्होल्ट करतो. गेम चालू असताना मागणी मोठी असते, पण बरीचशी सलग असते. मशीन रिकामे झाले की मागणी जवळजवळ शून्यावर जाते आणि पुढच्या क्षणी एखादा कोअर जागा होऊन एकदम सर्वांत वरच्या वेगाने धावतो, कारण बाकीचे झोपलेले असताना एकट्याला तेवढा वेग घेण्याची मुभा असते. द्रुतगती मार्गावर एका वेगाने धावणारी गाडी आणि शहरात दर सिग्नलला थांबून पुन्हा निघणारी गाडी, यांत क्लच कोणाचा आधी जाईल? तासभर गेम चालला यावरून सिद्ध होते ते एवढेच की मशीन सलग भार पेलते. भार अचानक येणे आणि अचानक जाणे ते पेलते की नाही, याची परीक्षा त्या गेमने घेतलेलीच नसते. म्हणूनच एएमडीच्या रायझन ५००० पिढीत व्होल्टेज कमी करून ठेवणाऱ्या हौशी लोकांना एकच अनुभव वारंवार येतो: प्राइम९५ सारखी कठोर चाचणी रात्रभर बिनचूक चालते आणि सकाळी नुसता डेस्कटॉप समोर असताना मशीन रीस्टार्ट होते.

हे सगळे पुस्तकी आहे, प्रत्यक्षात असे होत नाही, असे कोणी म्हणेल. प्रत्यक्षात ते उघडपणे, नोंद होऊन, एकापेक्षा अधिक पिढ्यांत झालेले आहे. २०१३ मध्ये इंटेलची हॅसवेल पिढी आली तेव्हा तिच्या सर्वांत खोल झोपेत प्रोसेसर १२ व्होल्टच्या वाहिनीतून अवघा ०.०५ अँपिअर प्रवाह घेईल असे जाहीर झाले. आधीच्या एसएमपीएस बनवताना किमान अर्धा अँपिअर धरलेला असे. इतक्या कमी भारावर काही जुने एसएमपीएस स्थिर राहणार नाहीत, ही भीती इतकी खरी होती की एसएमपीएस कंपन्यांनी ‘हॅसवेलला चालणाऱ्या’ मॉडेलच्या याद्या काढल्या आणि मदरबोर्ड कंपन्यांनी बायॉसमध्ये सी-६ व सी-७ बंद करण्याची सोय दिली. त्याच काळातल्या बे ट्रेल प्रोसेसरवर, ज्यातला सेलेरॉन जे-१९०० स्वस्त डेस्कटॉपमध्ये भरपूर खपला, लिनक्स चालवणाऱ्यांची मशीन थिजू लागली. प्रोसेसरला पहिल्या सी-स्टेटच्या खाली उतरू न देणे हाच तेव्हाचा चालणारा तोडगा होता. २०१७ मध्ये एएमडीचे पहिले रायझन आले आणि तीच तक्रार पुन्हा आली: काम करताना ठीक, रात्री रिकामे सोडले की थिजते. त्यानंतर एएमडीच्या बायॉसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ नावाचा पर्याय दिसू लागला. तो ‘टिपिकल करंट आयडल’ वर ठेवला की असंख्य लोकांची मशीन स्थिर झाली. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीला आणि मदरबोर्ड बनवणाऱ्यांना रिकामेपणासाठी वेगळे बटण द्यावे लागते, आणि आपण म्हणतो रिकामेपणी हार्डवेअर बिघडूच शकत नाही?

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रकरण याहून बोलके आहे. या डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम कोसळत आणि पडद्यावर संदेश येई तो ग्राफिक्स कार्डची मेमरी संपल्याचा. त्या संदेशावर विश्वास ठेवून कितीतरी लोकांनी ड्रायव्हर बदलले, विंडोज पुन्हा टाकले, काहींनी ग्राफिक्स कार्डही बदलले. दोष प्रोसेसरमध्ये होता. इंटेलने २०२४ मध्ये वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि त्या सप्टेंबरात बायॉसमार्फत दिलेल्या मायक्रोकोडबद्दल स्पष्ट सांगितले की प्रोसेसर रिकामा किंवा हलक्या कामात असताना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, ते यात आवरले आहे. मे २०२५ मध्ये आणखी एक मायक्रोकोड द्यावा लागला, तोही अनेक दिवस सलग हलक्या कामावर चालू राहणाऱ्या मशीनसाठी. क्रॅश दिसायचा कामात, पण झिजेचा एक भाग रिकामेपणात होत होता. या मशीनवर दहा वेळा फॉरमॅट मारला असता तरी काय साधले असते? उपाय बायॉसच्या अपडेटमध्ये होता, आणि आधीच झिजलेला प्रोसेसर असेल तर तो बदलून मिळण्यात होता. फॉरमॅटच्या फेऱ्यांत ज्यांचे महिने गेले, त्यांच्या प्रोसेसरची झीज त्या महिन्यांतही चालूच राहिली.

आपल्याकडच्या एसएमपीएसची गोष्ट तर वेगळीच आहे. असेंबल केलेल्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि रॅमची नावे विचारून घेतली जातात. एसएमपीएस मात्र बहुतेकदा कॅबिनेटबरोबर आलेला असतो आणि त्याच्याबद्दल कोणी एक प्रश्न विचारत नाही. स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट या दोन वाहिन्यांचे नियंत्रण एकत्र असते. एकीवर भार असून दुसरी रिकामी पडली की दोन्हींचे व्होल्टेज आपल्या जागेवरून सरकते. मशीन रिकामे असताना नेमके तेच होते: प्रोसेसर झोपल्याने १२ व्होल्टची वाहिनी ओस पडते, आणि डिस्क व यूएसबीमुळे ५ व्होल्टची चालू राहते. चांगल्या एसएमपीएसवर असलेल्या ८० प्लसच्या चिन्हानेही इथे निश्चिंत होता येत नाही. ते चिन्ह मुळात कार्यक्षमतेचे आहे, आणि त्याची मोजणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते; टायटेनियम दर्जात मात्र १० टक्क्यांची भर पडते. ६०० वॉटच्या एसएमपीएसचे २० टक्के म्हणजे १२० वॉट. साधा डेस्कटॉप रिकामा असताना ५० वॉटच्या आसपास ओढतो. आपले मशीन दिवसातला सर्वाधिक वेळ ज्या भारावर घालवते, तो भार त्या मोजणीत आलेलाच नसतो.

डिस्क आणि रॅम यांनाही हेच लागू आहे, मात्र त्यांचे उदाहरण एकेकच पुरे. जानेवारी २०१२ मध्ये क्रुशियल कंपनीने आपल्या एम-४ या एसएसडीसाठी नवे फर्मवेअर दिले. कारण असे की ही एसएसडी एकूण ५,१८४ तास चालली की प्रतिसाद देणे बंद करी, मशीन निळ्या पडद्यावर जाई, आणि रीस्टार्ट केल्यावर दर तासाला तेच घडे. दोष एसएसडीच्या आतल्या तासांच्या मोजणीत होता; तिच्यावर लिहिलेले विंडोज पुसून पुन्हा लिहिल्याने ते तास मागे जात नव्हते. रॅमबद्दल म्हणाल तर गूगलच्या सर्व्हरवरचा २००९ चा प्रसिद्ध अभ्यास आहे. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांमध्ये चुका आढळल्या, आणि क्षणिक अपघातापेक्षा पट्टीतच बसलेले दोष जास्त होते. तिथे चुका ओळखणारी ईसीसी रॅम होती म्हणून त्या मोजता तरी आल्या. घरगुती डेस्कटॉपमध्ये ती सोय सहसा नसते, त्यामुळे चूक कोणाला कळत नाही, फक्त मशीन पडते. त्यातही एक्सएमपी चालू करून रॅम मानकापेक्षा जास्त वेगाने पळवलेली असते, आणि हे मालकाला अनेकदा माहीतही नसते.

आता सर्वांत जोरदार आक्षेप घेऊ. मशीन रिकामे असताना सॉफ्टवेअरही गप्प नसते, हे खरेच आहे. विंडोज आपली देखभालीची कामे मुद्दाम रिकाम्या वेळेसाठी राखून ठेवते: डिफेंडरची तपासणी, डिस्कची आवराआवर, अपडेटची तयारी. यूएसबी आणि नेटवर्कचे ड्रायव्हर उपकरणांना झोपवतात आणि एखाद्याला पुन्हा उठवता येत नाही. काही वेळा तर क्रॅश झालेलाच नसतो. मशीन स्लीपमध्ये गेलेले असते, पंखा फिरत असतो आणि पडदा काळाच राहतो. दोष सॉफ्टवेअरचा असू शकतो, एवढे मी मान्य करतो. पण त्यावरून फॉरमॅट कसा निघतो? दोष ड्रायव्हरचा असेल तर फॉरमॅटनंतर तोच ड्रायव्हर पुन्हा टाकला जाणार, बहुधा पेनड्राइव्हवरच्या त्याच जुन्या ड्रायव्हर-पॅकमधून. ड्रायव्हरचा दोष असतो तेव्हा विंडोज ते लिहून ठेवते. क्रॅशचा पडदा आला की विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंपमध्ये फाइल तयार होते, आणि मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या मोफत प्रोग्रॅमने ती वाचता येते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद असते. तिच्या तपशिलात बगचेक कोड १५९ असेल तर कोणत्या तरी ड्रायव्हरला झोप-जाग साधलेली नाही. २९२ असेल तर हार्डवेअरनेच स्वतःची चूक कळवली आहे. २५७ असेल तर एखादा कोअर वेळेत उत्तर देत नव्हता. आणि कोड शून्य असून मिनीडंपही रिकामा असेल, तर विंडोजला काही लिहायला उसंतच मिळाली नाही: वीज तुटली, मशीन पूर्ण थिजले, किंवा ज्या डिस्कवर लिहायचे तीच गायब झाली. शून्य हीसुद्धा साक्ष आहे. फॉरमॅटने सर्वांत आधी काय जाते? हीच साक्ष.

इथे दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही बोलले पाहिजे. इव्हेंट ४१ दिसला की ‘पॉवर’ या नावावरून लगेच एसएमपीएस बदलणारेही आहेत. ती नोंद क्रॅशच्या वेळी होतच नाही. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर विंडोज लिहून ठेवते की मागच्या वेळी मला व्यवस्थित बंद केले गेले नव्हते. त्यात परिणाम सांगितलेला आहे, कारण सांगितलेले नाही. डंपमध्ये वर दिसणारे नावही पुष्कळदा गुन्हेगाराचे नसते, खराब रॅममुळे बळी पडलेल्याचे असते. एका नोंदीवरून निवाडा करणे आणि नोंद न पाहताच निवाडा करणे या दोन्हींत मशीन ग्राहकाच्या पैशाने चाचपडले जाते.

“पण फॉरमॅट केल्यावर आमचे मशीन सुधारले,” असे सांगणारे शेकडो भेटतील. ते खोटे बोलत नाहीत, पण त्यांचा पुरावा कच्चा आहे. समजा एखादे मशीन सरासरी चार दिवसांतून एकदा पडते आणि त्या पडण्याला ठरलेली वेळ नाही. त्याला काहीही न करता दोन दिवस नुसते ठेवले, तरी त्या दोन दिवसांत ते एकदाही न पडण्याची शक्यता सुमारे ६१ टक्के आहे. म्हणजे हात न लावताही पाचांतली तीन मशीन ‘बरी’ झालेली दिसतील. उपाय लागू पडला असे थोड्या विश्वासाने म्हणायचे असेल तर सरासरीच्या तिप्पट, म्हणजे बारा दिवस वाट पाहावी लागते. तेव्हा नुसत्या नशिबाने वाचण्याची शक्यता ५ टक्क्यांवर येते. कोणते दुकान बारा दिवस मशीन रिकामे चालू ठेवून पाहते? तिथे फॉरमॅट होतो, ड्रायव्हर टाकले जातात, एखादा व्हिडिओ लावून दाखवला जातो. या साऱ्या वेळात मशीन कामात असते, म्हणजे ज्या स्थितीत ते कधी पडतच नव्हते त्या स्थितीत. शिवाय दुकानातली वीज वेगळी, यूपीएस वेगळा, अर्थिंग वेगळे. घरच्या यूपीएसची बॅटरी संपत आली असेल आणि वीज क्षणभर लवताच ती दगा देत असेल, तर तो दोष दुकानात दिसणारच नाही. आपल्याकडे पुरवठा ५० हर्ट्झचा आहे, एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. एसएमपीएसकडून वीज गेल्यावर तग धरण्याची अपेक्षा साधारण १६ मिलिसेकंदांची, तीही नवा आणि चांगला असेल तर. काम चालू असताना दिवे लवलेले दिसतात आणि कारण कळते. कोणी समोर नसताना तेच घडले की ‘रिकामे असताना पडले’ अशी तक्रार होते.

फॉरमॅट स्वस्त आहे, हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो ग्राहकाच्या नुकसानीचा हिशेबच धरत नाही. दुकानदाराला तो स्वस्त आहे: काम ठरलेले, पैसे ठरलेले, डोके लावायचे नाही. ज्याचे मशीन आहे त्याला काय पडते? छापखान्याच्या मशीनवर श्री-लिपीचे फॉन्ट, त्यांचे कीबोर्ड, वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका आणि स्मरणिकांच्या फाइली असतात. किराणा दुकानाच्या मशीनवर टॅलीचा डेटा असतो आणि त्याचा शेवटचा बॅकअप कधी घेतला ते कोणालाच आठवत नाही. घरच्या मशीनवर दिवंगत आईवडिलांचे फोटो असतात. ‘सी ड्राइव्हच पुसतो, डी तसाच राहील’ असे सांगितले जाते. पण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर सी ड्राइव्हवरच असतात, हे कितीजणांना ठाऊक असते? शिवाय मूळ परवान्याचे विंडोज जाऊन त्या जागी ॲक्टिव्हेटरने उघडलेली चोरटी प्रत येण्याचा धोका असतोच. ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून डिफेंडर बंद केला जातो. व्हायरस गेला असे सांगून त्याच्यासाठी दार उघडे ठेवणे, याला दुरुस्ती म्हणायचे?

‘जुने झाले, नवे घ्या’ यालाही उत्तर आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती कॉम्प्युटरांच्या क्रॅशच्या नोंदी तपासल्या. हार्डवेअरमुळे एकदा क्रॅश झालेले मशीन पुन्हा तसेच क्रॅश होण्याची शक्यता काही प्रकारांत शंभर पटींपर्यंत वाढते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ असा की दोष कोणत्या तरी एका भागात ठाण मांडून असतो आणि तो शोधता येतो. सगळे मशीन मोडीत काढून भाग शोधण्याचे कष्ट वाचतात, पण दोष एका रॅमपट्टीत किंवा एका एसएमपीएसमध्ये असेल तर बाकीच्या धडधाकट भागांचे पैसे ग्राहकाने का भरायचे? तो दोष यूपीएसमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असेल तर नवे मशीनही त्याच टेबलावर, त्याच बोर्डाला जोडले जाणार आहे. वापर नसताना बंद ठेवण्याच्या सल्ल्याने तर दोष नुसता झाकला जातो. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जतन होऊन सकाळी तसेच परत येतात. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते. आणि जो एसएमपीएस कमी भारावर डळमळतो तो डळमळलेलाच राहतो. तो पूर्ण जाईल तेव्हा मदरबोर्ड सोबत घेऊन जाणार नाही याची हमी कोण देणार?

कारण शोधायला खरेच आठवडा लागतो का? वाट पाहायला लागतो. हाताने करायचे काम थोडे आहे. पहिल्यांदा आपोआप रीस्टार्ट होण्याची सेटिंग बंद करायची, म्हणजे क्रॅशचा पडदा येत असेल तर तो दिसतो. मशीन रीस्टार्ट होते, थिजते, पूर्ण बंद पडते की नुसते झोपेतून उठत नाही, हे वेळेसह लिहून ठेवायचे. मिनीडंप आणि इव्हेंटच्या नोंदी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायच्या. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह सुरू करून, त्याचे सस्पेंड बंद करून, मशीन रात्रभर रिकामे सोडायचे. त्यातही ते पडले तर विंडोज निर्दोष सुटले, आणि डिस्कवरच्या एका अक्षरालाही धक्का लागला नाही. पडले नाही तर विंडोज दोषी ठरत नाही, पण संशयाचे वर्तुळ लहान होते. मग बायॉस अद्ययावत करणे, एक्सएमपी बंद करणे, सी-स्टेट बंद करणे, शक्य असल्यास दुसरा एसएमपीएस जोडून पाहणे. हे सगळे करायचे, पण एका वेळी एकच, आणि प्रत्येक बदलानंतर पुरेसे दिवस थांबायचे. सी-स्टेट बंद केल्यावर मशीन स्थिर झाले तर ती तपासणी झाली, उपचार अजून बाकी आहे. थोडी जास्त वीज खाऊन मशीन चालेल, पण एसएमपीएस की मदरबोर्ड की प्रोसेसर, हे पुढे ठरवायचेच आहे. रॅमची मेमटेस्ट रात्रभर लावावी, मात्र ती चाचणी मशीनला सतत कामात ठेवते, म्हणून तिच्यात पास झालेली रॅम रिकामेपणीही निर्दोष आहे असे समजू नये.

तंत्रज्ञाने या तपासणीचे पैसे घ्यावेत, जरूर घ्यावेत, आणि ग्राहकाने ते घासाघीस न करता द्यावेत. आज आपण फॉरमॅटचे पैसे देतो आणि निदानाचे देत नाही, म्हणून दुकानात फॉरमॅट होतो आणि निदान होत नाही. पण निदान न करता उपाय सुचवण्याचा अधिकार कोणालाच नाही. ज्या मशीनला काम चालते आणि रिकामेपण सोसत नाही, त्याने आपल्या बिघाडाची जागा बरीचशी सांगून टाकलेली असते. ती खूण वाचायची सोडून डिस्क पुसण्याला दुरुस्ती म्हणणे थांबले पाहिजे. मशीन दुकानात सोडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: मिनीडंप पाहिला का, बगचेक कोड किती होता, आणि पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवून मशीन रिकामे सोडून पाहिले का. उत्तरे मिळाली नाहीत तर फॉरमॅटला परवानगी देऊ नये. मशीन उचलून घरी आणावे, आपोआप रीस्टार्टची सेटिंग बंद करावी, आणि पुढचा क्रॅश झाला की त्याची वेळ आणि पडद्यावरचा मजकूर कागदावर उतरवून घ्यावा.